एकसष्ट किलो चारशे ग्रॅम

काटेवाले उभ्या आयुष्यात कधी खोटं बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि तरीही त्यांच्या एका वाक्यावर गावाने चाळीस वर्षं विश्वास ठेवला नाही. तेही प्रेमापोटी. प्रेमात पडलेल्या गावाला काही सांगायला जावं, तर नाकी नऊ येतात.

वाक्य तसं साधं होतं. "मी कोणाला उचललं नाही. मला उचललं."

तरुणपणी ते फौजेत होते. लढाईतून लंगडत परत आले आणि बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांनी वजनकाट्यांचं दुकान टाकलं. नवे काटे विकायचे, जुने दुरुस्त करायचे, झिजलेली वजनं पुन्हा बरोबर करून द्यायची. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक खळगा असतो आणि त्यात शिसं भरलेलं असतं. वजन झिजलं की शिसं घालायचं, जास्त भरलं की खरवडायचं, मग सरकारी निरीक्षक येऊन शिक्का मारतो. काटेवाले शिसं असे खरवडायचे, की बघणाऱ्याला वाटावं तान्ह्या बाळाची नखं काढतायत. अर्ध्या ग्रॅमचा फरक राहिला तर जेवायला उठायचे नाहीत. त्यांची बायको, देव तिच्या आत्म्याला शांती देवो, म्हणायची, "मलासुद्धा तोलूनच घरात आणलं असेल." त्यावर ते काट्यावरची नजर न काढता म्हणायचे, "तेव्हा बरोबर होतीस."

दुकान चांगलं चाललं, पण हा माणूस दुकानात कमी आणि गावात जास्त. रविवारी उपासनेच्या तासभर आधी चर्चमध्ये जाऊन बाक पुसायचे. दवाखान्यातला बाळांचा काटा दर महिन्याला फुकट तपासून द्यायचे. कोणाचीही शवपेटी निघाली, ओळखीची असो वा नसो, डाव्या बाजूचा पुढचा खांदा त्यांचा ठरलेला. आणि त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे स्ट्रेचर. चर्चच्या दारात एक, बाजारात एक, शाळेत एक, पाण्याच्या टाकीपाशी एक. गावात कुठेही माणूस पडला तरी पाच मिनिटांत स्ट्रेचर पोचलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. नुसती स्ट्रेचर टांगून ते थांबले नाहीत. शिंपी, शिक्षक, भाजीवाले, सगळ्यांना धरून आणून जखमी माणसाला कसं उचलायचं ते शिकवलं. जखमी म्हणून स्वतः आडवे व्हायचे आणि खालून सूचना द्यायचे.

या स्ट्रेचरसेवेच्या उद्घाटनालाच सगळा घोळ झाला. तेव्हाचे म्हातारे पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. काटेवाल्यांनी आपली फौजेतली गोष्ट त्यांना कधीतरी एकांतात सांगितली होती. पाळकसाहेबांनी ती उलटी सांगितली. त्यात लबाडी नव्हती. प्रवचनाला ती उलटीच जास्त शोभत होती, बोलायच्या भरात तशी निघून गेली. "आपल्या या भावाने," ते म्हणाले, "जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन तीन मैल वाट तुडवली." मंडळींचे डोळे भरून आले. तेवढ्यात काटेवाले तिसऱ्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, मी उचललं नाही. मला उचललं. आमच्या आचाऱ्याने."

मग सगळ्या चर्चने टाळ्या वाजवल्या.

पुढे त्यांनी चर्चच्या मासिकाला रीतसर खुलासा पाठवला. संपादकांनी तो चौकटीत छापला, वर मथळा दिला, 'विनयाचा आदर्श'. त्या दिवशी काटेवाल्यांनी कपाळाला हात लावला. जितक्या वेळा ते नाही म्हणाले, तितके ते गावाच्या नजरेत मोठे होत गेले. लंगडतात का? ओझ्याने पाय गेला, दुसरं काय.

आणि दर वर्षीच्या त्या पोत्यामुळे तर लोकांची खात्रीच पटली. थंडी संपता संपता एक ठरलेली तारीख यायची. त्या दिवशी ते दुपारी दुकान बंद करायचे, एका पोत्यात वजनं भरायचे, पोतं पाठीवर घ्यायचे आणि दुकानापासून चर्चपर्यंत चालत जायचे. मागच्या बाकापाशी पोतं ठेवून अर्धा तास बसायचे आणि परत घेऊन यायचे. बाजार हातातलं काम टाकून बघायचा. "सोबत्याची आठवण काढतोय," माणसं हळू आवाजात म्हणायची. साठी उलटल्यावर ते दोन खेपा करायला लागले, सत्तरीनंतर चार. शेवटची काही वर्षं हातगाडी आली. गाडी त्यांची मुलगी ढकलायची आणि ते गाडीला एक हात लावून शेजारून चालायचे.

मुलगी म्हणजे ताई. वय एक्कावन्न, पण बाजारात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. दुकान आता तीच बघत होती, आणि शिसं खरवडण्यात बापाच्या तोडीस तोड होती. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. पंच्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. रविवारी चर्चमध्ये स्मरणसभा होती आणि सभेआधी दारातल्या स्ट्रेचरच्या वर पितळी पाटी लागायची होती. पाटीचा मजकूर बुधवारी तिच्यापुढे आला.

मजकुरावरून आधी बरीच ओढाताण झाली होती. नागरिक समितीचे अध्यक्ष म्हणजे औषधवाले काका, बाबांचे जिवलग दोस्त आणि त्या गोष्टीचे मुख्य प्रचारक. त्यांच्या तोंडी तीन मैलांचे कधीच सात झाले होते, आणि मधे एक नदीही आली होती. नवे तरुण पाळकसाहेब तीनवर अडून बसले. शेवटी पाचवर तडजोड झाली आणि नदी वगळण्यात आली. 'ज्यांनी जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन पाच मैल वाहून आणले.' ताईने ते दोनदा वाचलं. छाती भरून आली. "छान आहे," ती म्हणाली आणि खाली सही केली.

गुरुवारी सकाळी ती दुकानातली वजनं मांडायला बसली. सोमवारी निरीक्षक शिक्के मारायला येणार होता आणि फळीवरची सहा वजनं सापडत नव्हती. मग तिला कोपऱ्यातलं पोतं आठवलं. यंदा ती तारीख आटोपून आल्यावर बाबांना दोन दिवसांत ताप भरला होता आणि पोतं सोडायचं राहून गेलं होतं. तिने गाठ सोडली. वीसची तीन वजनं. एक किलोचं एक. आणि तळाशी दोनशे ग्रॅमची दोन.

वजनं हाताळणाऱ्या माणसाच्या डोक्यात बेरीज आपोआप होते. एकसष्ट किलो चारशे.

आठवणीचं पोतं कोणी भरलं, तर साठ भरेल. फार तर सत्तर. हे चारशे ग्रॅम कुठून आले? वरून दोन छोटी वजनं उगाच टाकणारा हा माणूस नव्हता. तिला ते खटकलं, पण गिऱ्हाईक आलं आणि ती उठली.

दुपारी पाळकसाहेबांचा निरोप आला, की फौजेतली वर्षं पाटीवर नीट यायला हवीत, कागद बघून सांगा. तिने घरी जाऊन बाबांचा पत्र्याचा डबा काढला. भरतीचा कागद, सुटकेचा कागद, एक पदक, आणि एक पिवळं पडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. फौजेच्या इस्पितळाचं. हे कार्ड तिने लहानपणीही पाहिलेलं होतं, पण आकडे वाचायचं तेव्हा कारण नव्हतं. तारीख तीच, पोत्याची. त्याखाली, 'उजव्या मांडीचे हाड गोळीने मोडले आहे'. आणि त्याखाली, 'दाखल होताना वजन ६१.४ किलो'.

तिने तो आकडा पुन्हा वाचला.

बाबा दर वर्षी सोबत्याला उचलत नव्हते. ते स्वतःला उचलत होते. कोणीतरी आपल्याला तीन मैल वाहून आणलं, ते त्याला किती जड गेलं असेल, हे दर वर्षी आपल्या पाठीवर घेऊन बघत होते. आणि त्यांनी ते कधीच लपवलं नव्हतं. ज्याने विचारलं त्याला सांगितलं होतं. तिला तर अगदी सुरुवातीलाच.

ती दहा वर्षांची असेल. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी तिने बाबांच्या मांडीवर बसून गोष्ट मागितली. बाबांनी सांगितली. ते खड्ड्यात पडले होते, तुकडी पुढे निघून गेली होती. पाणी भरायला निघालेला आचारी तिथून चालला होता. त्याने बादल्या खाली ठेवल्या आणि यांना पाठीवर घेतलं. वाटभर कुरकुर करत होता, "मीच तुला एवढं वाढलं, आता मलाच वाहायला लागतंय." इस्पितळाच्या तंबूपाशी यांना खाली ठेवलं आणि म्हणाला, "चूल पेटती टाकून आलोय," आणि आल्या वाटेने परत गेला. नाव कोणालाच माहीत नव्हतं. सगळे आचारीच म्हणायचे. नंतर बाबांनी खूप शोधलं, चार कचेऱ्यांना पत्रं लिहिली. उत्तर आलं, की नाव कळवल्याशिवाय शोध घेता येत नाही.

दहा वर्षांच्या ताईने हे सगळं ऐकून घेतलं होतं आणि तोंड फुगवून म्हणाली होती, "ही नको. खरी सांगा."

"खरी हीच आहे, बाळ."

"नाही. पाळकसाहेबांची."

हे आठवलं तेव्हा तिला लाज वाटली, पण ते निदान लहानपण होतं. त्यामागोमाग जे आठवलं, त्याला कुठलीच सबब नव्हती. गेल्याच महिन्यात इस्पितळात दोन माणसांनी बाबांना स्ट्रेचरवरून उचलून पलंगावर ठेवलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडून तिला विचारलं होतं, "आचारी गेला का?" तिला वाटलं, भूक लागली. आजाऱ्याला भूक लागली म्हणून हरखून ती धावत खाली उपाहारगृहात गेली आणि गरम सूप घेऊन आली. "हे बघा बाबा, आचाऱ्याने काय दिलंय." बाबांनी सुपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काही बोलले नाहीत. चाळीस वर्षांची सवय. दोन चमचे घेतले, तेही तिचं मन राखायला. त्यानंतर ते फारसं बोललेच नाहीत.

ताई त्या दुपारी पोटभर रडली. मेल्यावर तीन आठवड्यांनी माणसाचं म्हणणं पटावं, तेही त्याच्या मुलीला, तेही वजनाच्या धंद्यातल्या मुलीला! मग तिने तोंड धुतलं आणि ठरवलं, की रविवारी ती पाटी लागता कामा नये. एकदा भिंतीला खिळे बसले, की बाबांचं ऐकणारं कोणी उरणार नाही.

शुक्रवारी सकाळी ती काकांच्या दुकानात गेली. कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. काकांनी चष्मा चढवून कार्ड वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे मांडीचं हाड मोडलेलं असताना त्याने सोबत्याला वाहून आणलं?"

"काका!"

"बघ, आणि हे कधी बोलला नाही पठ्ठ्या. हे पाटीवर आलंच पाहिजे."

"काका, मोडलेल्या मांडीने माणूस उभा तरी राहील का? बाबांनी कोणाला उचललं नाही. बाबांना उचललं."

काकांनी तिच्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की तिला ओरडावंसं वाटलं. "पोरी," ते म्हणाले, "अगदी बापावर गेली आहेस. तोच साधेपणा."

पाळकसाहेबांनी निदान ऐकून घेतलं. ते नवे होते, गोष्टीच्या प्रेमात अजून पुरते पडले नव्हते. पण ते सावधही होते. "ताई, तुम्ही म्हणता ते खरंही असेल," ते म्हणाले. "पण लोक ही गोष्ट ऐकून मोठे झालेत. त्यातून चांगलंच निघालंय ना? पोरं स्ट्रेचर उचलायला धावतात ते तुमच्या बाबांसारखं व्हायचं म्हणून. ते काढून घेतलं तर त्यांच्या हातात काय देणार?"

हा प्रश्न तिला घरापर्यंत चावत राहिला. कारण तो तिचाही होता. ती स्वतः चाळीस वर्षं 'उचलणाऱ्याची मुलगी' म्हणून ताठ मानेने बाजारात हिंडली होती. आता 'उचललेल्याची मुलगी' म्हणून हिंडायचं. लोक बाबांवर तितकंच प्रेम करतील का, ही भीती तिला होती. आणि खरं सांगायचं तर आपण करू का, हीसुद्धा होती. या दुसऱ्या भीतीचं उत्तर तिला शनिवारी दुकानात मिळालं. तिने पोतं पुन्हा भरलं, गाठ मारली आणि पाठीवर घ्यायचा प्रयत्न केला. गुडघ्यापर्यंत आलं आणि खाली आपटलं. तिने दुसऱ्यांदा बघितलं, तेव्हा कंबरेतून कळ निघाली. हे ओझं तो लंगडा माणूस अर्ध्या बाजारातून न्यायचा, लोक काय समजतात ते माहीत असताना, दर वर्षी. ती जमिनीवर बसून एकटीच हसली. कमी कसलं, जास्तच प्रेम वाटायला लागलं होतं.

संध्याकाळी ती पाटीवाल्याकडे गेली. पाटी कोरून तयार होती, लखलखत होती. "पितळेवर कोरलं की खोडता येत नाही, ताई," तो म्हणाला. "आणि सही तुमचीच आहे."

"माहीत आहे. फक्त उद्या सकाळी लावू नका. सभा झाल्यावर या."

"तशीही मला सकाळी लवकर जाग येत नाही," तो म्हणाला.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हातगाडीवरून ताईने दोन गोष्टी आणल्या, पोतं आणि दुकानातला मोठा उभा काटा, ज्याच्या दांडीवर सरकतं वजन असतं. भाजीवाल्यांनी दोन्ही उतरवून वेदीसमोर मांडलं. लोकांना वाटलं, आठवण म्हणून ठेवलंय. पुष्कळांनी रुमाल काढले.

काका बोलले. काय बोलले ते सांगायला नको. मैल पाचच ठेवले, पण नदी परत आली. मग ताई उभी राहिली. तिने रात्रीतून तीनदा भाषण लिहिलं होतं आणि तिन्ही घरीच ठेवून आली होती.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "मला वजन करता येतं. काका, जरा पुढे या. तुमच्या नजरेवर सगळ्यांचा विश्वास आहे."

काका आले. भाजीवाल्यांनी पोतं काट्यावर ठेवलं. ताईने दांडीवरचं वजन हळूहळू सरकवलं. दांडी वर गेली, खाली आली, हलत राहिली. दांडी मधोमध थांबली.

"वाचा, काका. मोठ्याने."

"एकसष्ट किलो," काकांनी वाकून पाहिलं, "चारशे ग्रॅम."

"बाबांच्या हातचं वजन. ग्रॅमची चूक असेल का?"

"छे! त्याची? शक्यच नाही."

"आता हे वाचा." तिने कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "काल नाही, परवा तुम्ही वरचं वाचलंत. हे खालचं."

काकांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "दाखल होताना वजन," ते वाचू लागले, "एकसष्ट..." आणि थांबले. त्यांनी काट्याकडे पाहिलं. पुन्हा कार्डाकडे पाहिलं. हा माणूस पन्नास वर्षं औषधं मोजत आला होता. आकडे त्याला खोटं बोलून फसवू शकत नव्हते.

"सोबत्याला उचललं असतं," ताई म्हणाली, "तर पोत्यात सोबत्याचं वजन असतं. हे बाबांचं आहे. पाय मोडून ते पडले होते, आणि एका आचाऱ्याने त्यांना पाठीवर घेतलं. त्याला ते किती जड गेलं असेल, ते बाबा दर वर्षी उचलून बघायचे. नंतर त्यांनी जे जे केलं, स्ट्रेचर, शवपेट्या, सगळं त्यातूनच केलं. उगाच नाही ते शिकवताना स्वतः आडवे व्हायचे." मग ती मंडळींकडे वळली. "हे त्यांनी मला मी दहा वर्षांची असताना सांगितलं. मी म्हटलं, खरी गोष्ट सांगा. मीसुद्धा त्यांचं ऐकलं नाही."

पहिल्या बाकावर बाबांची धाकटी बहीण बसली होती. ऐंशी वर्षांच्या आत्याला कमी ऐकू येई, म्हणून तिला वाटे सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. "मी तर तेव्हाच म्हटलं होतं," ती मोठ्याने म्हणाली, "हा कोणाला उचलणार! घरात पाण्याची बादली आणताना दहा वेळा खाली ठेवायचा. पण माझं ऐकतंय कोण?"

मागे कोणीतरी हसलं, मग आणखी कोणी, आणि सगळं चर्च रडत रडत हसलं. फक्त काका हसले नाहीत. ते काट्याला धरून उभे होते.

"माझ्या पायरीवर विसावा घ्यायचा तो," ते म्हणाले. ते कोणाशी बोलत होते ते कळत नव्हतं. "दर वर्षी. पोतं टेकवायचा, पाणी प्यायचा आणि सांगायचा, अरे, मला उचललं होतं. आणि मी म्हणायचो, पुरे रे तुझा साधेपणा. दर वर्षी म्हणायचो. पाण्याचा पेला माझ्याच हातात असायचा."

ताईने त्यांना धरून बाकावर बसवलं. मग तीही त्यांच्या शेजारी बसली.

सभा संपल्यावर पोतं परत न्यायची वेळ आली. भाजीवाला उचलायला वाकला, तर काका आडवे आले. "मी नेतो."

"काका, तुमचं वय काय, पोतं काय!"

"मग सोड ते."

पोतं सोडलं. वीसची तीन वजनं तीन भाजीवाल्यांनी उचलली. दोनशेचं एक पाळकसाहेबांनी घेतलं, दुसरं आत्याने मागून घेतलं आणि पिशवीत टाकलं. एक किलोचं काकांनी दोन्ही हातांत धरलं. आणि ज्या वाटेवर चाळीसहून जास्त वर्षं बाजार नुसता उभा राहून बघत होता, त्या वाटेने सगळे दुकानापर्यंत चालत गेले. काका मधे एकदा आपल्याच पायरीवर बसले. कोणी त्यांना घाई केली नाही.

पाटीवाला दुपारी आला, तेव्हा सगळे दुकानातच होते. त्याला घडलेलं सांगावं लागलं. त्याने पाटी हातात फिरवून पाहिली. "मागची बाजू कोरी आहे," तो म्हणाला. "तिच्यावर कोरतो. पुढची भिंतीकडे जाईल."

मजकूर ताईने तिथेच उभ्या उभ्या सांगितला. सैनिक, दुकानदार, या चर्चचे सेवक. एका आचाऱ्याने यांना तीन मैल पाठीवर वाहून आणले. त्यानंतर यांनी जमेल त्याला उचलले.

"मैल तीनच ना?" पाटीवाल्याने काकांकडे पाहून विचारलं.

"तीनच," काका म्हणाले. "खाली जागा राहते का?"

पाटीवाल्याने पट्टी लावून मोजलं. "एक ओळ बसेल. लहान अक्षरात."

"मग लिही," काका म्हणाले, आणि अजून हातातच असलेलं किलोचं वजन त्यांनी फळीवर, त्याच्या जागी ठेवलं. "लिही, हे त्यांनी आम्हाला चाळीस वर्षे सांगितले."